विश्लेषण : जीप सुटली, आता कॅराव्हॅन हलवायची कशी? ‘मोटर मूव्हर’ बसवण्याआधी पायाखालची जमीन का पाहावी?

नोव्हेंबर ते मार्च या काळात बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे रस्ते दोन कारणांनी गजबजतात. एक म्हणजे माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी अशा साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. दुसरं म्हणजे उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवण-कुंभारगाव भागात रोहित पक्षी पाहायला येणारे पर्यटक. या पर्यटकांत आता स्वतःचं ‘चाकांवरचं घर’ घेऊन फिरणारेही असतात, आणि त्यांना जागा देण्याचा विचार करणारे शेतकरी आणि कृषी पर्यटन केंद्रचालकही आहेत.

गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन मुक्कामी पोहोचली की एक अडचण उभी राहते. शेवटचे ३०-४० मीटर तिला बांधावरून आत, झाडाच्या सावलीत, योग्य दिशेला तोंड करून न्यायचं असतं. जीप जोडलेली ठेवून रिव्हर्स घेणं सगळ्यांना जमत नाही, आणि जीप सोडली तर हजार-बाराशे किलोचं घर माणसांनी ढकलायचं. यावर युरोपात रुळलेला उपाय म्हणजे ‘मोटर मूव्हर’. तो काय आहे, कसा बसवतात आणि आपल्याकडच्या मातीत तो चालेल का, हे समजून घेऊ.

आधी हे पाहा : तुमची कॅराव्हॅन कोणती?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात एक अॅक्सलची आणि दोन अॅक्सलची कॅराव्हॅन, तंबू ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर असे ओढून नेण्याचे प्रकार गृहीत धरले आहेत. मात्र महाराष्ट्रात भाड्याने मिळणारी बहुतेक वाहनं ही टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनीबसवर बांधलेली असतात. त्यांना स्वतःचं इंजिन असतं, त्यामुळे मूव्हरचा प्रश्नच येत नाही.

मूव्हर लागतो तो फक्त ओढल्या जाणाऱ्या, म्हणजे ट्रॉलीसारख्या कॅराव्हॅनला. तिला स्वतःचं इंजिन नसतं. पुढे दांडी, दांडीच्या टोकाला जीपच्या गोळ्यावर बसणारा कपलर आणि दांडीखाली एक छोटं आधारचाक असतं. त्या चाकाला ‘जॉकी व्हील’ म्हणतात.

आधारचाकाची कल्पना आपल्याला नवी नाही. सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ऊस वाहतुकीच्या बैलगाडीला जुवाखाली असंच एक चाक बसवलं होतं. बैलांच्या मानेवर येणारा भार त्या चाकाने पेलावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याची छायाचित्रं समाजमाध्यमांवर गाजली होती. जॉकी व्हीलही तेच काम करतं. जीप सुटल्यावर दांडीचा भार ते उचलतं. पण ते फक्त भार उचलतं, गाडी पुढे नेत नाही. ती नेण्याचं काम मूव्हरचं.

मूव्हर काम कसा करतो?

कॅराव्हॅनच्या चासीखाली, दोन्ही टायरांजवळ एकेक छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवतात. प्रत्येक मोटरच्या टोकाला धातूचा खाचांचा रोलर असतो. एरवी हा रोलर टायरपासून साधारण २० मिलिमीटर दूर असतो. गाडी हलवायची असेल तेव्हा तो टायरवर घट्ट दाबला जातो. साध्या मॉडेलमध्ये हे काम पान्याने किंवा दांडीने करावं लागतं, महागड्या मॉडेलमध्ये बटण दाबलं की होतं.

रोलर फिरला की टायर उलट दिशेला फिरतो आणि कॅराव्हॅन सरकते. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. तिथे टायर डायनॅमोच्या चाकाला फिरवायचा, इथे रोलर टायरला फिरवतो.

दोन्ही मोटरी एकाच दिशेला फिरल्या तर गाडी सरळ जाते. एकच फिरली तर वळते. एक पुढे आणि एक मागे फिरली तर एक अॅक्सलची कॅराव्हॅन जागच्या जागी गोल फिरते. हे सगळं हातातल्या रिमोटवर चालतं. बटण सोडलं की मोटर थांबते. वीज कॅराव्हॅनमधल्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते.

ब्रिटन आणि युरोपात ट्रूमा, राइश, पॉवरटच, एन्डुरो अशा कंपन्यांचे मूव्हर वापरले जातात. तिथे घरासमोरची अरुंद जागा आणि आखून दिलेले कॅम्पिंगचे चौकोन यामुळे त्यांची गरज निर्माण झाली. ब्रिटनमध्ये साध्या मॉडेलची किंमत काहीशे पौंडांपासून सुरू होते आणि चांगल्या मॉडेलची हजार पौंडांच्या पुढे जाते. भारतात आणायचा तर वाहतूक आणि आयात शुल्क वेगळं.

किती ताकद लागते?

इथे थोडं गणित करू. १,२०० किलोची कॅराव्हॅन धरा. तिला हलवायला लागणारा जोर जमिनीप्रमाणे अंदाजे असा बदलतो :

• सपाट सिमेंट : सुमारे २० किलोचा जोर
• दाबून घट्ट केलेला मुरूम, सपाट : ४० ते ५० किलो
• सिमेंटचा चढ, दहा मीटरला एक मीटर : सुमारे १४० किलो
• ओली किंवा नांगरलेली काळी माती, सपाट : १८० ते २४० किलो

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. ओल्या काळ्या रानात सपाटीवरही सिमेंटच्या चांगल्या चढापेक्षा जास्त जोर लागतो. कारण चाक मातीत रुततं आणि प्रत्येक क्षणी त्याला स्वतःसमोरचा छोटा उंचवटा चढावा लागतो.

मूव्हर मुद्दाम सावकाश चालतो. साधारण मिनिटाला १० मीटर. त्या वेगाने सिमेंटचा वरचा चढ चढायला अश्वशक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा पुरतो. शेतातला ट्रॅक्टर ४०-५० अश्वशक्तीचा असतो, हे लक्षात घेतलं की फरक कळेल. गिअरबॉक्समुळे मोटरीचा वेग खूप कमी होतो आणि त्या बदल्यात जोर वाढतो, म्हणून एवढीशी मोटर घर हलवू शकते.

बॅटरी लवकर संपेल, ही भीती बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तसं होत नाही. त्या चढावर साधारण ४० अँपिअर प्रवाह धरला आणि ३० मीटर जायला तीन मिनिटं लागली, तर दोन अँपिअर-अवर खर्च होतात. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी हे काहीच नाही. अडचण येते ती क्षणिक प्रवाहाची. चाक खड्ड्यात अडकलं की प्रवाह काही पटींनी वाढतो. बॅटरी जुनी असेल किंवा वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि मूव्हर ऐन वेळी बंद होतो. म्हणून जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि पूर्ण वीज तोडणारा मुख्य स्विच, या तीन गोष्टींत काटकसर करू नये.

मग काळ्या रानात काय होतं?

जास्त ताकदीचा मूव्हर घेतला की झालं, असं वाटू शकतं. पण जोर कितीही असला तरी तो जमिनीपर्यंत पोहोचवतो टायर. ओल्या काळ्या मातीवर टायरची पकड फार कमी असते. वरच्या उदाहरणात टायरवर साधारण ११०० किलो भार आहे. ओल्या चिकणमातीत पकड त्या भाराच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाएवढी धरली, तर मिळणारा जोर २२० ते ३६० किलो. लागणारा जोर १८० ते २४०. म्हणजे काठावरचा हिशेब. थोडा चढ आला किंवा चाक रुतलं की टायर जागच्या जागी फिरू लागतो.

त्याहून आधी आणखी एक गोष्ट होते. टायरला चिकटलेला चिखल रोलरपर्यंत जातो. मग रोलर टायरवरच घसरतो. मोटर फिरत राहते, गाडी तिथेच. जोर लावत राहिलं तर रोलर टायरचं रबर खरवडतो.

बारामती-इंदापूरमध्ये हे नेमकं कुठे जाणवेल, ते पाहू.

• उजनीचा काठ : पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं आणि पुढे पाणी हळूहळू मागे सरकतं. उघडी पडणारी ही जमीन गाळपेरीची. वरून वाळलेली दिसली तरी आत ओल असते. पक्षी जवळून दिसतात म्हणून कॅराव्हॅन तिथे उतरवण्याचा मोह होतो. अशा ठिकाणी मूव्हर उपयोगाचा नाही, आणि जीपही अडकू शकते.

• नीरा आणि भीमेकाठची बागायत : भारी काळी जमीन. पाटाचं किंवा ठिबकचं पाणी चालू असेल तर हिवाळ्यातही ओली.

• माळरान : दोन्ही तालुक्यांच्या जिरायत भागात मुरमाड, कठीण जमीन मिळते. मूव्हरसाठी हीच सर्वांत चांगली. फक्त दगड आणि खड्डे पाहावे लागतात, कारण दोन-तीन सेंटिमीटरची उभी कडाही मूव्हरला अडवते. तिथे लाकडी पाचर ठेवून चढ सौम्य करावा लागतो.

जॉकी व्हील हा या सगळ्यातला कमकुवत दुवा. ते लहान आणि अरुंद असतं. पुढे ढकलताना ते मऊ मातीत नाक खुपसतं. मऊ जागेत कॅराव्हॅन मागच्या बाजूने नेली तर तेच चाक मागून ओढलं जातं आणि कमी रुततं. हवा भरलेलं रुंद आधारचाक किंवा खाली टाकलेल्या फळ्या हे त्यावरचे स्वस्त उपाय.

वजनाचा हिशेब कुठे चुकतो?

मूव्हरचं वजन साधारण ३० किलो. म्हणजे घरातला भरलेला गॅस सिलिंडर कायमचा गाडीखाली बांधल्यासारखं. १०० अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी आणखी २५ किलोच्या आसपास. एकूण ५५ किलो.

समजा कॅराव्हॅनचं कमाल परवानगीचं वजन १,२०० किलो आणि रिकामं वजन १,०५० किलो आहे. सामानासाठी उरतात १५० किलो. मूव्हर आणि बॅटरी बसवल्यावर ९५ उरतात. ४० लिटर पाणी भरलं की ५५. भरलेला सिलिंडर ठेवला की २५. अंथरूण, भांडी, खुर्च्या, कपडे आणि खाण्याचं सामान या २५ किलोत बसवायचं. म्हणून मूव्हरची निवड करण्याआधी कॅराव्हॅन भरलेल्या अवस्थेत वजनकाट्यावर नेणं गरजेचं आहे. ऊसपट्ट्यात वजनकाटे शोधावे लागत नाहीत.

मूव्हर अॅक्सलजवळ असल्याने दांडीवरचा भार फारसा बदलत नाही. बॅटरी मात्र अगदी पुढे ठेवली तर तो वाढतो, अगदी मागे ठेवली तर घटतो. दांडी हलकी झालेली कॅराव्हॅन महामार्गावर वेगात झोले खाते, आणि ते जास्त धोक्याचं.

मूव्हर चासीखाली लटकत असल्याने जमिनीपासूनची उंचीही कमी होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आहे. गावाच्या वेशीवरचे अनेक गतिरोधक त्याहून उंच आणि टोकदार असतात. बसवण्याआधी आणि नंतर ही उंची टेपने मोजून घ्यावी. गाडी भरलेली असताना मोजावी, रिकामी असताना नाही.

बसवून घेताना काय तपासायचं?

• मूव्हर चासीला पकडपट्ट्यांनी आवळला आहे ना? चासीला भोकं पाडली किंवा वेल्डिंग केलं तर पत्र्याची ताकद कमी होते आणि गंजाला जागा मिळते.
• चासीच्या पत्र्याची जाडी मूव्हर उत्पादकाने सांगितलेल्या किमान जाडीएवढी आहे का?
• टायरमध्ये हवा ठरलेली आहे का? हवा कमी असेल तर रोलरची पकड सुटते. टायर बदलले तर रोलरचं अंतर पुन्हा जुळवावं लागतं.
• रोलर पूर्ण बाजूला गेल्याची खूण दिसते का? रोलर टायरला टेकलेला असताना कॅराव्हॅन रस्त्यावर ओढली तर टायर आणि मूव्हर दोन्ही खराब होतात.
• दोन अॅक्सलची कॅराव्हॅन असेल तर दोन मोटरी पुरतील की चार लागतील? अशा गाडीत वळताना टायर आडवे घासतात आणि जास्त जोर लागतो.

खरा धोका कोणता?

मूव्हरमुळे होणारी मोठी चूक म्हणजे त्यालाच ब्रेक समजणं. मोटर बंद झाली की गिअरबॉक्समुळे गाडी थांबते, हे खरं. पण ती पकड रोलर आणि टायर यांच्यातल्या घर्षणावर आहे. टायर ओला असेल किंवा रोलर मागे घेतला गेला, तर उतारावर हजार किलोचं घर सुटतं.

म्हणून क्रम पाळावा लागतो. आधी हँडब्रेक ओढायचा आणि चाकांखाली ठोकळे लावायचे. मग जॉकी व्हील खाली घ्यायचं आणि जीप सोडायची. कोपऱ्यांचे स्टँड वर आहेत हे पाहायचं. रोलर टायरला लावायचे. त्यानंतरच ठोकळे काढून हँडब्रेक सोडायचा. जागेवर पोहोचल्यावर उलट क्रम : पहिल्यांदा हँडब्रेक आणि ठोकळे, नंतरच रोलर मागे.

चढावर शक्यतो दांडीचं तोंड उताराकडे ठेवावं. तोंड चढाकडे असेल तर वजन मागे सरकतं, जॉकी व्हील हलकं होतं आणि दांडी वर उचलली जाऊ शकते. रिमोट हातात असलेल्या माणसाने उताराच्या बाजूला किंवा कॅराव्हॅन आणि भिंतीच्या मध्ये उभं राहू नये. मुलं तर आसपासही नकोत. मिनिटाला १० मीटर हा वेग कमी वाटतो, पण भिंत आणि कॅराव्हॅनमध्ये सापडलेल्या माणसाला त्या वेगाचा काही उपयोग नसतो.

भारतात बनलेल्या काही छोट्या ट्रेलरना हँडब्रेकच नसतो. अशा ट्रेलरला मूव्हर बसवण्याआधी ब्रेक बसवणं आवश्यक आहे.

गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेता येईल?

बारामतीत आणि आसपास ट्रॉल्या बांधणारे कुशल फॅब्रिकेटर आहेत. बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे. ई-रिक्षाच्या मोटरी आणि कंट्रोलर बाजारात मिळतात. त्यामुळे ‘हे तर आपणही करू’ असं वाटणं साहजिक आहे.

मोटर फिरवणं हा यातला सोपा भाग. अवघड गोष्टी तीन. वीज गेली तरी गाडी उलटी फिरणार नाही असा गिअर किंवा मोटरचा ब्रेक, बटण सुटताच किंवा सिग्नल तुटताच थांबणारा रिमोट, आणि दोन्ही रोलर सारख्याच दाबाने लागतील अशी रचना. या तीनपैकी एक जरी नसेल, तर ते यंत्र उतारावर वापरू नये.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मोटार वाहनामागे ओढलं जाणारं वाहन म्हणजे ट्रेलर. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनात बदल करण्यावर बंधनं आहेत. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळं होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मूव्हर रस्त्यावर गाडी चालवत नाही, तरी तो चासीला कायमचा जोडला जातो आणि वजन वाढवतो. त्यामुळे बसवण्याआधीच बारामतीच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-४२ मध्ये, लेखी विचारणा करणं आणि विमा कंपनीला कळवणं शहाणपणाचं. मूव्हरचा वापर खासगी आवारातच करावा. सार्वजनिक रस्त्यावर रिमोटने कॅराव्हॅन चालवू नये.

मग बसवायचा की नाही?

कॅराव्हॅनच्या मालकासाठी उत्तर त्याच्या नेहमीच्या जागेवर ठरतं. शहरात अरुंद गल्लीत, सिमेंटच्या आवारात, एकट्याने गाडी लावावी लागत असेल किंवा पाठीच्या, गुडघ्याच्या दुखण्यामुळे ढकलणं शक्य नसेल, तर मूव्हर फार उपयोगाचा. वर्षातून दोनदा उजनीवर जाण्यासाठीच घ्यायचा असेल, तर ५५ किलो वजन आणि खर्च परवडतो का, हे पाहावं.

जागा देणाऱ्या शेतकऱ्यासाठी चित्र वेगळं आहे. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहेच. अडचण एवढीच, की ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉलीची पिन असते आणि कॅराव्हॅनचा कपलर सहसा ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसतो. ड्रॉबारला तसा गोळा असलेली मजबूत पट्टी बसवून घेतली तर कोणतीही पाहुणी कॅराव्हॅन सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, धक्का न देता जागेवर लावता येते. कॅराव्हॅनच्या अॅक्सलला किंवा कोपऱ्यांच्या स्टँडला दोर बांधून ओढणं मात्र टाळावं. ते भाग ओढण्यासाठी बनवलेले नसतात.

त्याहून मोठा फरक पडतो तो जमिनीने. रस्त्यापासून मुक्कामाच्या जागेपर्यंत साधारण तीन मीटर रुंदीचा पट्टा, त्यावर दाबलेला मुरूम, पाणी वाहून जायला बाजूने चर आणि शेवटी सपाट ओटा. एवढं केलं तर मूव्हर असलेला पर्यटक बटण दाबून गाडी लावेल, मूव्हर नसलेल्याची गाडी चार माणसं ढकलून लावतील आणि स्वतःच्या इंजिनावर येणारी मिनीबसही रुतणार नाही.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवता येईल : आधी मुरूम आणि चर, मग ट्रॅक्टरला गोळा, आणि एवढं करूनही जागा अवघड राहिली तर मूव्हर. तो घेताना दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न मोटरीच्या ताकदीचा नसावा. आपली भरलेली कॅराव्हॅन किती किलोची आणि ती कोणत्या जमिनीवर, किती चढावर हलवायची आहे, हे आकडे कागदावर लिहून न्यावेत आणि त्यांना पुरेल असं मॉडेल दाखवायला सांगावं.